कमलाबाई सोहोनी

इंदूरच्या भागवत घराण्यात रसायनशास्त्राला मोठा मान होता. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे कमलाबाईंनी हाच विषय निवडला, यात नवल नाही. थोरल्या भगिनी दुर्गाबाई मात्र साहित्याकडे वळल्या आणि थोर लेखिका म्हणून महाराष्ट्रास परिचित झाल्या.

1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. स्त्रियांना संशोधन झेपत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी प्रवेश नाकारला. एवढ्या थोर शास्त्रज्ञालाही हा ग्रह सोडवला नाही! परंतु कमलाबाई मुकाट्याने घरी बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्या थेट रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. त्यांच्यामुळे इतरांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. अटी अपमानकारक होत्या, तरी प्रयोगशाळेचे दार उघडले होते. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी असे काम केले, की वर्ष सरताच रामन यांचे समाधान झाले. पुढे त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्याचा अभ्यास करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवून दिले. हे एक लोहयुक्त प्रथिन. त्यातील लोहाचा अणू कार्बन व नायट्रोजन यांच्या कड्यात बसविलेला असतो. पेशीत अन्नाचे ऑक्सिडीभवन होताना तो इलेक्ट्रॉन घेतो, पुढे देतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होऊन त्याच कामाला सिद्ध होतो. ज्वाला न पेटता अन्नातील शक्ती मोकळी होते, ती अशा मदतनिसांमुळेच. आज औषधांच्या कारखान्यांत पॅलॅडियम धातूची जटिल संयुगे कार्बनला कार्बन जोडून देतात व स्वतः पुन्हा मूळ रूपात येतात. अशा पदार्थांना उत्प्रेरक म्हणतात. त्यांच्या या उपयोगाबद्दल 2010 साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. धातूच्या अणूकडून असे काम करून घेण्याची युक्ती निसर्गाने मात्र बटाट्यात केव्हाच योजून ठेवली होती.

कमलाबाईंचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. 1939 मध्ये त्यावर त्यांना पीएच.डी. मिळाली.

स्वदेशी परतल्यावर दिल्ली व कुन्नूर येथे काम करून 1947 साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तीत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांना नीरा दिली असता त्यांची प्रकृती सुधारू लागली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या. परंतु ते पद त्यांच्या वाट्याला यायला हवे होते, त्याहून फार उशिरा आले. 1998 साली त्यांचे निधन झाले.