पंडिता रमाबाई : श्रद्धेची कसोटी

महाराष्ट्रातील प्रबोधनकाळाचा इतिहास सांगताना पंडिता रमाबाईंचे नाव कोणी टाळत नाही. परंतु ते घेताना लेखणी किंचित अडखळते, हेही तितकेच खरे. त्यांच्या संस्कृत पांडित्याचे कौतुक होते, विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या कार्याचा गौरव होतो आणि धर्मांतराचा विषय निघाला की लेखणी आखडते. जणू विदुषी रमाबाई, समाजसेविका रमाबाई आणि ख्रिस्ती रमाबाई या तीन निराळ्या स्त्रिया होत्या. प्रत्यक्षात त्यांचे आयुष्य एकसंध होते. जो धर्म दुबळ्यांच्या कामी येत नाही तो आपला नाही, हा निकष त्यांनी तरुणपणीच ठरविला आणि पुढे तो स्वकीयांना, चर्चच्या अधिकाऱ्यांना, सरकारला आणि स्वतःलाही लावला. त्याची किंमत त्यांनी जन्मभर मोजली.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण, परम वैष्णव आणि व्युत्पन्न शास्त्री. विद्यार्थिदशेत पुण्यास असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकविले जाते, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावयाची हे त्यांच्या मनाने घेतले. नातलगांचा आणि समाजाचा रोष पत्करून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या लेकीला. अतिथींची सरबराई करता करता अरण्यातील आश्रम कर्जात बुडाला आणि रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या पेटीत घालून, माणसाच्या डोक्यावरून त्या तान्ह्या मुलीचा प्रवास सुरू झाला. पुढची कित्येक वर्षे तो थांबला नाही.

पुराणकथन करावे, मिळेल त्या दक्षिणेवर राहावे आणि उरलेले दानधर्मात घालावे, असा या कुटुंबाचा क्रम होता. सन १८७० नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हा आधार तुटला. भीक मागणे कुळाला न शोभणारे आणि मोलमजुरीची सवय नाही, अशा कोंडीत उपासमारीने आई, वडील आणि थोरली बहीण असे तिघेही गेले. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. झाडपाल्यावर आणि रानफळांवर दिवस काढीत, बहुतांशी पायीच, या दोघा भावंडांनी हिंदुस्थान पालथा घातला. भूक काय असते हे रमाबाईंना कोणा प्रचारकाच्या तोंडून ऐकावे लागले नाही. पुढे त्यांच्या हातून जे घडले त्याचे एक मूळ या दिवसांत आहे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचावयास सुचविले. रमाबाईंनी धर्मशास्त्रेही वाचली आणि तेथेच त्यांच्या मनात पहिली तेढ पडली. शास्त्रकारांची अनेक बाबतींत एकमेकांशी मते जुळत नसली, तरी स्त्री आणि शूद्र यांच्या हीनत्वाविषयी मात्र त्यांचे एकमत आहे, असे त्यांना आढळले. ज्या विद्येने त्यांना सन्मान दिला तिनेच हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

१८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी सिल्हेटकडील वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय असल्याने दोन्ही बाजूंचा बहिष्कार वाट्याला आला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षी पदरी लहान मूल घेऊन रमाबाई विधवा झाल्या. याच सिल्चरच्या वास्तव्यात लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक त्यांच्या हाती आले होते. पण त्या वेळी ते कुतूहलापुरतेच राहिले.

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानड्यांसह सुधारक मंडळींनी त्यांचे मनापासून स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री तपासनीस हव्यात, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळाले पाहिजे, कारण पुरुष डॉक्टरांसमोर संकोचाने न बोलता कितीतरी स्त्रिया मरून जातात, असे त्यांनी त्या साक्षीत मांडले. स्त्रीने सरकारदरबारी जाऊन स्त्रियांची बाजू मांडणे ही गोष्टच त्या काळी अपूर्व होती. ख्रिस्ती होण्यापूर्वीच रमाबाई सार्वजनिक आयुष्यात उतरल्या होत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

वैद्यकीचे शिक्षण घ्यावे या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. परंतु वाढत्या बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. या भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेला एक आश्रम रमाबाईंनी पाहिला. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते आणि त्या स्त्रियाच पुढे इतरांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांना शास्त्राने सांगितलेला दंड रमाबाईंना ठाऊक होता. दया प्रथमच दिसत होती. ही दया कोठून येते असे त्यांनी विचारले, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांना सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सिद्धान्ताआधी त्यांना सेवा दिसली, आणि सेवेवरून त्यांनी धर्माची पारख केली. त्यापूर्वी त्यांच्या सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केल्याने या निर्णयाच्या कडेला एक दुःखद छायाही आहे.

पुण्यात या वार्तेने खळबळ उडाली. टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांसारख्या विरळ्यांनीच ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली. परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नव्हती. चेल्टनम येथील महिला विद्यालयात शिकत व संस्कृत शिकवीत असताना त्यांचा मठातील भगिनींशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्चमधील अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानावी, हे त्यांना मान्य नव्हते. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे त्यांनी विचारले. त्यांनी शाकाहार सोडला नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे धर्माधिकाऱ्यांचे मत पडले तेव्हा त्यांनी तेही निमूटपणे ऐकून घेतले नाही. एका धर्मपीठाच्या जोखडातून निघून दुसऱ्याच्या जोखडात मान द्यावयाची नाही, असा त्यांचा निश्चय होता. पुणेकरांना त्या परक्या वाटल्या आणि इंग्लंडमधील हितचिंतकांना हट्टी. हे एकटेपण त्यांना अखेरपर्यंत पुरले.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. बालशिक्षणाची नवी पद्धती त्यांनी अभ्यासली, गावोगाव व्याख्याने दिली आणि हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे अर्थसाहाय्याचे आश्वासन मिळाले. अट अशी होती की, नियोजित विधवागृहात कोणत्याही धर्माचा प्रचार होऊ नये.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई होत्या. त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे पाचवे अधिवेशन भरले आणि त्यात प्रथमच काही स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या. त्यांत रमाबाई प्रमुख होत्या. सोबत भरलेल्या सामाजिक परिषदेत त्यांनी विधवांच्या केशवपनाविरुद्ध भाषण केले. ज्या मांडवात देशाच्या हक्कांची चर्चा होते त्याच ठिकाणी देशातील सर्वांत दुर्बळ घटकाचा हक्क मांडला जावा, ही त्यांची राजकारणाची कल्पना होती.

१८९० मध्ये सदन पुण्यास आले आणि वादळाला तोंड फुटले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. ‘केसरी’ने यावर कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेले. या प्रकरणात केवळ विरोधकांना दोष देणे न्याय्य होणार नाही. दार उघडे असलेल्या प्रार्थनेत बसण्याची मुभा आणि धर्मप्रचार यांतील सीमारेषा पोरवयाच्या निराधार मुलींच्या बाबतीत पुसट असते, ही शंका रानड्यांसारख्या सुहृदांच्याही मनात होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, मुलींना त्यांच्या धर्माप्रमाणे वागण्यास आपण आडकाठी केली नाही, तशी बायबल वाचू पाहणारीलाही करणार नाही. दोन्ही बाजूंना तत्त्व होते. ज्यांची मुलगी परत नेली गेली ते समाजाचे आश्रित राहिले. पण जिला नेले तिची इच्छा कोणी विचारली नाही, ही मात्र रमाबाईंची जन्माची खंत ठरली असावी.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. तेथील मुलींच्या हालअपेष्टांचे वृत्त ऐकताच रमाबाईंना आपले बालपण आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या. मदतकेंद्रांतही अनाथ मुलींची अब्रू सुरक्षित नाही हे पाहून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. आता जात पाहण्याचा प्रश्नच उरला नव्हता. पांढरपेशा विधवांसाठी सुरू झालेले कार्य सर्व थरांतील स्त्रियांसाठी खुले झाले. पुण्यात प्लेगची साथ असल्याने या मुलींना शहरात ठेवता येईना. केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन.

याच सुमारास त्यांच्या धैर्याची खरी परीक्षा झाली. पुण्यातील प्लेग-बंदोबस्तात त्यांच्या आश्रमातील एका मुलीला रुग्णालयातून विलगीकरण छावणीत नेण्यात आले आणि तेथे तिची दुर्दशा झाली. १८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून स्त्रियांच्या बाबतीतील हा निष्काळजीपणा उघडकीस आणला. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. इंग्लंडमध्ये प्लेगच्या जुलमांविषयी बोललेल्या गोखल्यांवर परतल्यानंतर माफी मागण्याची पाळी आली. सरकारचा धर्म तोच रमाबाईंचा धर्म होता आणि त्यांच्या कार्याला मिळणारा पैसाही मुख्यतः गोऱ्या ख्रिस्ती देशांतून येत होता. मौन पाळणे सोयीचे होते, तरीही त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. ख्रिस्ती झाल्या म्हणजे सरकारच्या झाल्या, असे समजणाऱ्यांना हे एक पत्र उत्तर म्हणून पुरेसे आहे.

१९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील स्त्रियांची व मुलांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे शाळा होती, शेती होती, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना होता. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. मनोरमेने परदेशात शिकून आणलेल्या ब्रेल लिपीतून अंध मुली वाचू लागल्या. दान घेणारीने उद्या स्वतः कोणाला तरी हात द्यावा, हे फुलहॅममध्ये पाहिलेले सूत्र येथे मराठी मातीत रुजले. पुढे निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथेही मुलींची शाळा उघडून मनोरमेने तिची धुरा वाहिली.

या काळात रमाबाई राजकीय व्यासपीठापासून दूर गेल्या, मुक्तीचे वातावरण अधिकाधिक उपासनाप्रधान झाले आणि महाराष्ट्राशी त्यांचा संवाद क्षीण झाला, हे मान्य केले पाहिजे. ते नुकसान दोन्ही बाजूंचे होते. तथापि लोकांपर्यंत पोहोचण्याची त्यांची ओढ आटली नव्हती. हिब्रू व ग्रीक या भाषा उतारवयात शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. अशिक्षित बाईलाही ते कळावे म्हणून या संस्कृत पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द निग्रहाने टाळले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे आश्रमातील स्त्रियांनीच केली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचे निधन झाले. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती एक लेक. रमाबाईंच्या आयुष्याचा हा हिशेब. कन्येमागून नऊ महिन्यांच्या आतच, भाषांतराचे काम हातावेगळे करून, ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाईंची सर्वच मते पटली पाहिजेत असे नाही. त्यांच्या समकालीन थोरांनाही ती पटली नव्हती. परंतु ज्या काळात धर्म म्हणजे सोवळे किंवा संख्याबळ असे समजले जात होते, त्या काळात त्यांनी धर्माला एकच प्रश्न विचारला : जिला कोणी नाही तिला तू काय देतोस? या प्रश्नाचे उत्तर शोधत गंगामुळाच्या रानापासून केडगावच्या माळापर्यंत त्या चालत राहिल्या. त्यांना उत्तर ख्रिस्ताच्या ठायी गवसले. पण प्रश्न मात्र सर्वच धर्मांसाठी आहे, आणि तो आजही शिळा झालेला नाही.