सिगार भेट देताय? बादशहा अकबराला मिळालेल्या ‘त्या’ भेटीची गोष्ट वाचा

मालवण : गोव्याहून परतताना मित्रासाठी किंवा साहेबांसाठी चांगली सिगार घ्यायची, तर कोणती निवडावी? डबा भारी हवा की तंबाखू? साधारण ४२० वर्षांपूर्वी असद बेग नावाच्या सरदारालाही अशीच निवड करायची होती. भेट द्यायची होती थेट मोगल बादशहा अकबराला. तेव्हा सिंधुदुर्ग किल्ला बांधून व्हायचा होता आणि या भागात विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता.

कोण होता अकबर?

जन्म १५४२ चा, सिंधमधल्या उमरकोटचा. वडील हुमायून तेव्हा राज्य गमावून वणवण फिरत होते. १५५६ मध्ये ते गेले आणि अकबर १३ व्या वर्षी गादीवर आला. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण तो पुस्तकं वाचून घ्यायचा. पंडित, मौलवी, जैन मुनी आणि गोव्याहून बोलावलेले पाद्री यांचे वाद तो मन लावून ऐकायचा. नव्या गोष्टीचं त्याला भारी कुतूहल.

भेट काय होती?

अकबराचा मुलगा दानियाल याचं लग्न विजापूरच्या राजकन्येशी ठरलं होतं. त्या कामासाठी असद बेग विजापूरला गेला. पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू त्याने तिथे पहिल्यांदा पाहिली. त्याने रत्नजडित नळी, अकीकाचं मुखाग्र आणि उत्तम तंबाखू असा सरंजाम चांदीच्या तबकात सजवून बादशहापुढे ठेवला.

अकबराने काय केलं?

दोन-तीन झुरके घेतले. हकिमाने लगेच अडवलं. या वस्तूचा आपल्या वैद्यकात अनुभव नाही, असं त्याचं म्हणणं. युरोपातले शहाणे लोक ओढतात, मग वाईट कशी, असा असद बेगचा युक्तिवाद. आपल्या ग्रंथात नाही म्हणून एखादी गोष्ट टाकून देऊ नये, हे अकबराला पटलं. पण त्याने तंबाखूची सवय लावून घेतली नाही.

व्यसन काय करतं, हे त्याने घरातच पाहिलं होतं. मुलगा मुराद १५९९ मध्ये दारूपायी गेला. दानियालवर बापाने पहारे बसवले, तर त्याला बंदुकीच्या नळीतून दारू पोचवली गेली. १६०५ मध्ये तोही गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अकबराचा मृत्यू झाला.

पुढे काय झालं?

दरबारातल्या सरदारांना मात्र तंबाखूची चटक लागली, व्यापारी ती विकू लागले. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, पण तंबाखू काही थांबली नाही.

मग भेट निवडायची कशी?

असद बेगने नळी, तबक, तंबाखू सगळं पारखून घेतलं. घेणाऱ्याच्या घरात काय चाललंय, एवढंच पाहायचं राहिलं. सिगार कितीही महाग असली तरी ती तंबाखूच. त्यामुळे दुकानात विचारण्याआधी त्या माणसाच्या घरी विचारा. तिथून नकार आला, तर मालवणी खाजा आहेच!