उटीचे सुलिव्हन

म्हैसूरहून एका दिवसाच्या सहलीवर उटीला आलेले पर्यटक वनस्पती उद्यान पाहतात, नौकाविहार करतात आणि संध्याकाळी घाट उतरतात. तो तलाव बांधवून घेणारे जॉन सुलिव्हन मात्र त्यांच्या गावीही नसतात. १७८८ मध्ये जन्मलेले, कोइमतूरचे हे कलेक्टर १८१९ मध्ये निलगिरीवर चढले आणि तेथेच रमले. त्यांनी 'स्टोनहाउस' हा बंगला बांधला, बटाट्याची लागवड केली. (उद्यान त्यांचे नव्हे, ते मॅकआयव्हरने १८४८ पासून उभारले.) डोंगरावरील जमिनीवर हक्क तोडांचाच, हा त्यांचा आग्रह, त्यापायी वरिष्ठांशी खटके उडाले. १८३८ मध्ये पत्नी हेन्रिएटा व कन्या हॅरिएट निवर्तल्या. सेंट स्टीफन्स चर्चच्या आवारातील त्या दोन कबरी मागे ठेवून १८४१ मध्ये सुलिव्हन मायदेशी परतले. १८५५ मध्ये त्यांचे निधन झाले.