लक्ष्मणराव किर्लोस्कर: नांगराचा फाळ आणि माझी तुटलेली बकेट

आज एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगतो. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करावी लागेल, कारण त्या फजितीमुळेच हा माणूस मला खऱ्या अर्थाने कळला.

आमचे काका कल्याण ग्रामीणमध्ये, शीळ रोडच्या आतल्या गावांत पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणायची कामं घेतात. तिथे चाळींच्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या आहेत की मोठा जेसीबी आत शिरतच नाही. म्हणून काकांनी एक छोटा, गाडीमागे ओढून न्यायचा बॅकहो घेतला, तोही जुना. दोन चाकं, छोटं इंजिन, एक हायड्रॉलिक पंप आणि खणायचा हात. स्वतःहून चालत नाही. बकेट जमिनीत रोवायची आणि हाताने स्वतःलाच पुढे ओढून घ्यायचं. मशीन झकास, पण बकेट १८ इंच रुंद. काकांना हवा होता ९ इंचांचा चर. दुप्पट रुंद खणायचं म्हणजे डिझेल दुप्पट, माती दुप्पट आणि ती परत भरायची मजुरीही दुप्पट.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. डोंबिवलीत घरामागे पत्र्याची शेड, त्यात वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर. म्हटलं, बकेट मीच बनवतो!

पुठ्ठ्याचा साचा कापून मापं घेतली, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून ६ मिलिमीटरच्या प्लेटा कापून आणल्या, भंगारातून ट्रकचा पाटा आणला आणि त्याचे तीन दात करून बकेटला थेट वेल्ड केले. पाट्याचं लोखंड कडक, म्हणजे दात भारी होणार असा माझा हिशोब. पहिल्याच दिवशी मुरुमात दोन दात मुळापासून उडाले आणि जाताना बकेटची कडही फाडून गेले. पावसाळा तीन आठवड्यांवर, गल्ली अर्धी खणलेली. लोक उघड्या चरावर फळ्या टाकून ये-जा करत होते. काका काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

त्याच आठवड्यात एका लग्नासाठी कल्याणहून कोल्हापूरच्या गाडीत बसलो. सांगलीच्या अलीकडे एक स्टेशन लागतं, किर्लोस्करवाडी. पाटी बघितली आणि डोक्यात काहीतरी लागलं. हे गाव ज्यांनी वसवलं त्यांनीही जमीन फोडायचं अवजारच तर बनवलं होतं. मग फोनवर, पुढे पुस्तकांत, त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

रंग दिसेनात, म्हणून रेषा धरली

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घरात वेदान्ताचं वातावरण आणि मुलाला मात्र चित्रांचं आणि यंत्रांचं वेड. १८८५ साली, सोळाव्या वर्षी, ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला आले.

तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय झालं असेल, कल्पना करा. पण त्यांनी चित्रकला सोडली तरी पेन्सिल सोडली नाही. यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीत, अचूक रेषा आणि माप लागतं. ते त्यांनी पक्कं केलं आणि त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी मिळवली. शिकवून झालं की ते तिथल्या वर्कशॉपमध्ये जाऊन मशीन चालवायला शिकत. डिग्री नव्हती, हात मात्र तयार होत होता.

दरम्यान, १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे, बंधू रामूअण्णा तिकडे विकायचे. ज्या रस्त्यावर ते दुकान होतं, त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

पुढे कॉलेजात बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि थेट बेळगाव गाठलं.

जे विकत आणतो, ते बनवता का येणार नाही?

सायकल दुरुस्त करता करता हाताखाली छोटं वर्कशॉप आलं. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. इथे सायकली किती जणांना लागणार? लोक शेती करतात. मग पहिली वस्तू निघाली ती कडबा कापायचं यंत्र. जनावरांना अख्खा कडबा टाकला की बराच वाया जातो, बारीक करून दिला की खाल्ला जातो. फायदा डोळ्यांना दिसणारा होता.

त्यानंतरचं काम अवघड होतं, लोखंडी नांगर. १९०३ साली त्यांचा पहिला नांगर तयार झाला.

इथे थोडं तंत्र समजून घेऊ. आपल्याकडचा जुना नांगर लाकडाचा, फक्त टोकाला लोखंडी फाळ. तो माती फाडतो, पण उलटवत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो. फाळ माती कापतो, पंख ती उचलून पालथी करतो. तण खाली जातं आणि खालची माती वर येते.

हे काम जगात इतरत्रही चाललं होतं. अमेरिकेत जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये मोडक्या करवतीच्या पोलादी पात्यापासून नांगर बनवला होता, कारण तिथली चिकट माती बिडाच्या नांगराला लिंपून बसायची आणि गुळगुळीत पोलादावरून मात्र घसरायची. आपल्याकडे तेव्हा विलायती नांगर येत होते. ते आपल्या शेतकऱ्यासाठी इथेच घडवायचे, हे लक्ष्मणरावांनी मनावर घेतलं.

पण नांगर घेईना कोणी! लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळतं, अशी शेतकऱ्यांना भीती होती. पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली. दोन वर्षं, मित्रांनो. आपण दोन दिवसांत रिप्लाय आला नाही की प्रोजेक्ट गुंडाळतो.

मला वाचताना वाटलं, ती भीती म्हणजे अडाणीपणा नव्हे. एक हंगाम चुकला की ज्याचं वर्ष जातं, तो नव्या वस्तूकडे संशयानेच बघणार. आमच्या गल्लीतल्या लोकांनी माझ्या बकेटकडे बघितलं तसंच. त्यांची शंका तर दुसऱ्याच दिवशी खरी ठरली.

निवडुंगाच्या माळावर कारखाना

नांगर हळूहळू खपायला लागला आणि तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवायची म्हणून वर्कशॉपची जागा खाली करायला सांगितली. जमलेला पसारा घेऊन जायचं कुठे?

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, आणि लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह. औंधला देवीच्या देवळाच्या सभामंडपाचं काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपवलं. मग कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. माळ कसला, निवडुंग आणि साप! १९१० मध्ये पंचवीस कामगार आपापली कुटुंबं घेऊन तिथे राहायला आले. त्या माळाची पुढे किर्लोस्करवाडी झाली.

लक्ष्मणरावांनी तिथे फक्त शेड उभ्या केल्या नाहीत. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम केला. ज्यांच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का बसला होता अशा माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. विश्वास टाकला आणि तो त्यांनी राखला.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. नांगराला बीड लागतं, बीड नाही तर कारखाना बंद. त्या काळात कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्याचं सांगितलं जातं. तोफांचे नांगर झाले!

१९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघालं. शंकरराव किर्लोस्कर संपादक. सुरुवातीला गिऱ्हाइकांना कारखान्याच्या मालाची माहिती द्यायची, एवढाच हेतू. पुढे त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक घडलं. नांगरानंतर रहाट, उसाचे चरक, शेंगा फोडायचं यंत्र, पंप असं एकेक येत गेलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून आला आणि पुढच्या पिढीने इंजिनं आणि मोटारींपर्यंत मजल मारली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

फाळ म्हणजे नांगराचा टेम्पर्ड ग्लास

आता मला जे सापडलं ते सांगतो. लोखंडी नांगर नीट बघितला तर लक्षात येतं की फाळ नांगराच्या अंगाला जोडून एक केलेला नसतो. तो बोल्टने बसवलेला असतो. का? कारण माती सगळ्यात आधी फाळालाच खाते. फाळ झिजला की तेवढाच काढायचा, नवा लावायचा, नांगर तोच.

तुमच्या फोनवरचा टेम्पर्ड ग्लास आठवा. तो फुटायलाच लावलेला असतो. तो शंभर-दोनशे रुपयांत बदलतो, म्हणून हजारोंचा डिस्प्ले वाचतो.

माझ्या बकेटची चूक नेमकी इथे होती. झिजायचा भाग मी न झिजणाऱ्या भागाला कायमचा चिकटवला होता. वर वेल्डिंगही चुकलं होतं. ट्रकच्या पाट्यात कार्बन जास्त असतो. असं लोखंड गरम न करता साध्या रॉडने वेल्ड केलं की वेल्डच्या कडेची पट्टी पटकन थंड होते आणि काचेसारखी ठिसूळ बनते. वरून वेल्ड छान दिसतो, आतून तडा गेलेला असतो.

दुसरी बकेट अशी केली:

- दात थेट वेल्ड केले नाहीत. आधी वेल्डिंगला चालणाऱ्या लोखंडाचे धारक कडेला जोडले आणि त्यावर पिनने अडकणारे तयार दात बसवले. झिजला की हातोडीने पिन काढा, नवा दात लावा.
- कडेला १२ मिलिमीटरची जाड पट्टी घेतली. वेल्डिंगआधी ती गरम केली, लो-हायड्रोजन रॉड भट्टीत सुकवून वापरले आणि काम कोरड्या राखेत हळूहळू थंड होऊ दिलं.
- पिनपासून दाताच्या टोकापर्यंतचं अंतर मूळ बकेटएवढंच ठेवलं. हे फार महत्त्वाचं. समजा सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि दाब १५० बार, तर ढकलायचा जोर सुमारे ३ टन. पण दात जितका लांब, तितका टोकावरचा जोर कमी. अंतर दुप्पट केलं की जोर निम्मा. आणि लांब बकेट मशीनच्या हातालाही पिळते.
- रुंदी ९ इंच. तोच जोर कमी रुंदीवर आला, म्हणून मुरुम सहज फुटतो.

एक सावधगिरीचा सल्ला. हायड्रॉलिक पाइप कुठे गळतोय हे हात फिरवून कधीच शोधू नका. बारीक छिद्रातून दाबाखाली निघालेलं तेल कातडीत शिरतं आणि बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. आणि बकेट बदलताना हात जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा, मगच पिन काढा.

गॅरेज कुठेही असू शकतं

ज्या नावाने आपण बॅकहोला हाक मारतो, ते जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड. या इंग्रज माणसाने १९४५ मध्ये भाड्याच्या छोट्या गॅरेजात, युद्धातल्या भंगारातून एक ट्रॉली वेल्ड करून धंदा सुरू केला. त्याच्या कितीतरी आधी आपला माणूस बेळगावात सायकलच्या दुकानामागे तेच करत होता, आणि त्याला तर रंगही नीट दिसत नव्हते.

पण गॅरेजातून कंपनी झाली, एवढाच मी यातून घेतलेला धडा नाही. आपण बनवलेली वस्तू कुठेतरी झिजणारच. ती कुठे झिजेल हे आधीच ओळखून, तो भाग गरिबालाही बदलता येईल असा ठेवणं, ही खरी कारागिरी आहे.

आमची गल्ली पहिल्या पावसाच्या चार दिवस आधी बुजली. काकांच्या टेम्पोत आता सुट्या दातांची एक पिशवी कायम असते. मधला दात दोनदा बदलून झालाय. बकेट तीच आहे.