पेलेच्या मॅचचा दिग्दर्शक

हॉस्टेलवर 'एस्केप टू व्हिक्टरी' पाहताना पेलेच्या बायसिकल किकला आम्ही सगळे जाम ओरडलो. दिग्दर्शकाचं नाव कोण वाचतंय? जॉन ह्यूस्टन, जन्म १९०६, तरुणपणी बॉक्सर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी त्याने इटलीतली लढाई चित्रित केली. नंतर युद्धाने मनं खचलेल्या सैनिकांवर इस्पितळात फिल्म काढली. सैन्याने ती १९४६ साली दाबली, बंदी उठली थेट १९८० साली. आणि १९८१ मध्ये आला हा युद्धकैद्यांच्या फुटबॉलचा सिनेमा. गोष्ट पॅरिसची, शूटिंग बुडापेस्टचं, गोलकीपर स्टॅलोन! मॅच फिल्मी आहे, मान्य. ह्यूस्टन १९८७ साली गेला. पण ती दाबलेली फिल्म कळल्यापासून मला शेवटच वेगळा दिसतो: प्रेक्षक मैदानात घुसतात, कैद्यांच्या अंगावर आपले कोट चढवतात आणि त्यांना गर्दीत लपवून बाहेर नेतात.