खाणीत उतरलेले मजूरमंत्री

बिंदू चौकातून जाताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आपण सगळेच बघतो. तो १९५० साली, म्हणजे त्यांच्या हयातीतच उभा राहिला. १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म, कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण, १९२० ची माणगाव परिषद, पुढे राज्यघटना; एवढे सर्वांना पाठ असते. मधली चार वर्षे मात्र आपण गाळून टाकतो, आणि आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या कामाची तीच आहेत.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. महायुद्ध चालू होते, कोळसा कमी पडत होता. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि सुमारे ४०० फूट खाली खाणीत उतरले. मजुरांची घरेही त्यांनी आत जाऊन पाहिली.

खाणीचे छत तोलायला कोळशाचेच खांब सोडतात. त्यामुळे बराच कोळसा खांबांतच अडकतो आणि खांब काढले की छत खाली येते. यावर उपाय म्हणजे रिकाम्या जागेत पाण्याबरोबर वाळू भरायची. याला स्टोइंग म्हणतात. पण त्याचा खर्च करणार कोण? म्हणून १९३९ च्या कायद्याने कोळशावर कर बसवला होता. त्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल बाबासाहेबांनी १९४४ मध्ये मांडले. (आता उघड्या खाणीच्या भिंतीत उरलेला कोळसा काढायला मशीन आत जाते, ऑपरेटर बाहेर बसतो. मध्य प्रदेशात शारदा खाणीत हे झाले आहे. तेव्हा माणूसच आत जायचा.) त्याच वर्षी खाणमजुरांसाठी वेल्फेअर फंडही सुरू झाला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. बायकांना जमिनीखाली कामाला लावायची बंदी सरकारने १९४३ मध्ये उठवली. महिला संघटनांनी विरोध केला आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात या निर्णयाची बाजू मांडायला बाबासाहेबच उभे राहिले. कोळशाची टंचाई खरी होती, पुरुषांइतकीच मजुरी द्यायची अटही होती. तरी त्या अंधारात उतरल्या त्या गरीब घरच्याच बायका. ही बाजू मांडणे त्यांनाही सोपे गेले नसेल, असे मला वाटते. युद्ध संपल्यावर फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. तेव्हा मजूर खाते अजून त्यांच्याकडेच होते.