हस्तलिखित दैनिक आणि चित्रकथांचा वर्ग

शाळेच्या वर्गात चित्रकथांना स्थान असावे काय, हा वाद अधूनमधून उफाळून येतो. 'चांदोबा' मराठीत १९५२ साली आला, 'अमर चित्रकथा' १९६७ साली सुरू झाली, आणि १९७१ साली बालभारतीने स्वतःच 'किशोर' मासिक काढले. तरीही मुलाला ज्यात गोडी वाटते त्यातून शिक्षण होत नाही, हा समज अनेक शिक्षकांच्या मनातून गेलेला नाही. या वादात खानदेशाने एका शिक्षकाचे स्मरण करणे उचित ठरेल. त्याने चित्रकथा काढल्या नाहीत. परंतु पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन हेच अध्यापनाचे साधन कसे करावे, हे त्याने अमळनेरात करून दाखविले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण संपन्नता ओसरलेली. दापोली, औंध, पुणे असे फिरत आणि प्रसंगी अर्धपोटी राहत त्यांनी एम. ए. पर्यंतचे शिक्षण पुरे केले. प्रताप शेठजींच्या औदार्याने उभे राहिलेले अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर त्यांना खानदेशात घेऊन आले. मात्र तत्त्वचर्चेत त्यांचे मन रमले नाही. १९२४ साली ते तेथील शाळेत, म्हणजे आजच्या प्रताप हायस्कूलात, शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

छात्रालयातील मुले बहुतेक खेड्यापाड्यांतून आलेली. घरी पुस्तकांचा वारसा नाही, वाचनाची सवय नाही. अशा मुलांसमोर उपदेश निरुपयोगी ठरतो, हे गुरुजींनी ओळखले. मुलांची अंथरुणे आवरणे, त्यांचे कपडे धुणे ही कामे ते न बोलता करीत. आणि मुले झोपल्यावर 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. सकाळी ते मुलांच्या वाचनात येई. त्यात थोरांची चरित्रे असत, देशोदेशींच्या हकीकती असत आणि छात्रालयातील घडामोडींवर चार शब्दही असत. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर या उपक्रमाला भांडवल जवळजवळ लागले नाही. कागद, शाई आणि एका माणसाची झोप एवढाच त्याचा खर्च. परंतु त्याचा वाचक निश्चित होता, लेखक त्या वाचकाला नावानिशी ओळखत होता, आणि आज वाचलेले उद्या पुढे जाणार आहे ही उत्कंठा कायम होती. चित्रकथेचे सामर्थ्यही या उत्कंठेतच असते. आज शाळांकडे छपाईची आणि पडद्याची साधने आहेत. उणीव असलीच तर ती आपल्या वाचकाला ओळखणाऱ्या लेखकाची आहे.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहात उतरण्यासाठी गुरुजींनी नोकरी सोडली. वर्ग सुटला, अध्यापन सुटले नाही. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील भाषांशी त्यांचा परिचय झाला आणि तेथेच आंतरभारतीच्या कल्पनेचे बीज पडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. अठरा रविवारांची ती प्रवचने गुरुजींनी उतरून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' महाराष्ट्राला लाभली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकाची रचना लक्षणीय आहे. प्रकरणांऐवजी तेथे रात्री आहेत, आणि प्रत्येक रात्री जमलेल्या मंडळींना एकच प्रसंग सांगितला जातो. ही घडण छात्रालयात मुरलेल्या शिक्षकालाच सुचावी.

याच पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पडद्यावर आल्यामुळे पुस्तक मागे पडले नाही. त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. चित्र आले की वाचन संपते, ही भीती किमान या उदाहरणाने तरी खरी ठरत नाही.

गुरुजींच्या लेखनात अश्रू फार, अशी टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नाही. पण या हळव्या माणसाने अतिवृष्टीने नाडलेल्या पूर्व खानदेशातील शेतकऱ्यांच्या सारामाफीसाठी १९३८ साली चळवळ उभारली, त्याच वर्षी अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढले, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःहून जगाचा निरोप घेतला.

चित्रकथेविरुद्धचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सांगितलेली गोष्ट मुलाच्या कल्पनेला मोकळी जागा ठेवते. काढलेले चित्र ती जागा व्यापते. ऐतिहासिक पुरुषाचा एकच चेहरा, एकच वेष मुलाच्या मनात कायमचा ठसू शकतो. यावर बंदी हा उपाय नव्हे. दोन चौकटींच्या मधल्या मोकळ्या जागेत काय घडले असेल, हे मुलांना विचारणारा शिक्षक हाच त्यावरचा उपाय होय. त्याही पुढे जाऊन मुलांनीच आपल्या गावची कथा चौकटीत मांडावी. तापीचा पूर, कापसाचा हंगाम, केळीच्या बागेतील मजुराचा दिवस असे विषय जळगाव-धुळ्याच्या शाळांना बाहेरून आणावे लागणार नाहीत.

रंगीत पुस्तकांचे गठ्ठे खरेदी करून कपाटात ठेवणे सोपे असते आणि अहवालातही ते शोभून दिसते. अमळनेरच्या छात्रालयात असे कपाट नव्हते. तेथे एक शिक्षक रात्री जागत होता, आणि सकाळी मुले वाचीत होती.